शिलेदाराचा कॅमेरा



कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा जो मानस्तंभ उभा आहे, त्याच्याजवळून जाताना परगावच्या पाहुण्यांना मी नेहमी एक गोष्ट सांगत असतो. देवाची, राजाची, मल्लाची, हुतात्म्याची स्मारके उभारणारी शहरे आपल्या देशात पुष्कळ आहेत. परंतु एका यंत्राला मान देऊन त्याचा स्तंभ उभारणारे शहर निदान माझ्या पाहण्यात तरी दुसरे नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी १९१७ साली येथे महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापिली, विलायती यंत्र हाती येण्याची वाट न पाहता याच गावातल्या कारागिरांच्या साह्याने कॅमेरा घडविला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली, हा इतिहास इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतो. असे असूनही, ज्या नगरीने कॅमेऱ्याला स्तंभ दिला तिने कॅमेरा धरणाऱ्या माणसाला, आणि त्यातही जो कोणाच्या चाकरीत नाही अशा वृत्तछायाचित्रकाराला, आपल्या मनात कोणते स्थान दिले आहे, असा प्रश्न कोणी केला तर आपणांस किंचित अडखळावे लागेल. त्या अडखळण्याविषयीच आज बोलावे असे मी योजिले आहे.

प्रथम नावाचा विचार करू. इंग्रजीत ज्याला 'फ्रीलान्स' म्हणतात त्याला आपण 'मुक्त छायाचित्रकार' म्हणू लागलो आहोत. 'मुक्त' हा शब्द संतांच्या अभंगात शोभतो. महिन्याच्या एक तारखेला घरभाडे द्यावयाचे असलेल्या माणसाला तो शोभत नाही. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ भाडोत्री भालाईत असा आहे, आणि त्याला तंतोतंत जुळणारा शब्द आपल्या मराठी फौजेत पूर्वीपासून रुळलेला होता, तो म्हणजे शिलेदार. बारगीर हा सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे. त्याचा घोडा, त्याचे हत्यार सरकारचे, आणि घोडा पडला तर नुकसानही सरकारचे. शिलेदार मात्र घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचे घेऊन मोहिमेस येई, आणि घोडा गारद झाला तर त्याचा संसार गारद होई. वृत्तपत्राच्या कचेरीने दिलेला कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडणारा तो बारगीर. आणि हप्त्याने घेतलेला कॅमेरा, हप्त्याने घेतलेली मोटारसायकल आणि पावसाळ्यात दोहोंवर पांघरावयाचा प्लास्टिकचा कागद एवढ्या सरंजामानिशी निघणारा तो शिलेदार. शिवछत्रपतींनी पागेवर जेवढा भरवसा ठेवला तेवढा शिलेदारांवर ठेवला नाही, हे आपण जाणता. आपलाही भरवसा असाच विभागलेला आहे. अमुक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर म्हटला की आपण खुर्ची पुढे करतो; कोणाचाच नाही असे म्हटले की 'मग इथे कशाला आलात?' असे विचारतो.

कायद्याची दृष्टीही फारशी निराळी नाही. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वृत्तछायाचित्रकाराला पत्रकाराच्या पंक्तीस आदराने बसविले खरे, परंतु ती पंगत नोकरीत असलेल्यांची होती. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने २०१७ साली पत्रकारांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी कायदा संमत केला, त्यातही पत्रकाराची व्याख्या नियमित अथवा कंत्राटी नेमणुकीशी बांधलेली आहे. ज्याच्यापाशी नेमणुकीचा हुकूम नाही आणि कंत्राटाचा कागदही नाही, त्याचा कॅमेरा दंगलीत कोणी फोडला तर त्याने फिर्यादीत आपला हुद्दा काय लिहावा, हे त्याचे त्यानेच ठरवावयाचे आहे.

आता २०१९ च्या ऑगस्टकडे वळतो. त्या दिवसांविषयी कोल्हापुरात बोलताना कोणालाच फार वर्णन करावे लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्याही वर चढले होते. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला होता, प्रयाग चिखली आणि आंबेवाडी यांची बेटे झाली होती, आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, चतुर्थी महिन्याभरावर आलेली असताना, गणरायाच्या कच्च्या मूर्ती पाण्यात विरघळत होत्या. मी त्या वेळी शाहूपुरीतच एका स्नेह्यांच्या माडीवर अडकून पडलो होतो आणि सज्जातून दिसेल तेवढा पूर पाहत होतो. खाली छातीइतक्या पाण्यात दोर बांधून काही तरुण एका घरातली माणसे बाहेर काढीत होते, आणि त्यांच्यापासून दहा हातांवर एक पोरगेला छायाचित्रकार, कॅमेरा डोक्याच्या वर धरून, भिंतीला पाठ लावून उभा होता. समोरच्या माडीवरून कोणीतरी गरजले, "अरं, फोटू काय काढतोईस? दोरीला हात लाव की!"

त्याने मान वर करून पाहिले, कॅमेरा गळ्यात मागच्या बाजूला टाकला आणि दोर धरला. शेवटचा माणूस पलीकडे पोहोचेपर्यंत, म्हणजे अर्ध्या घटकेहून अधिक काळ, तो दोर त्याच्या हातात होता. नंतर त्याने कॅमेरा पुन्हा काढला, त्याच्या काचेवरचे पाणी आतल्या कोरड्या रुमालाने टिपले आणि तो पुढच्या गल्लीकडे निघून गेला. त्याने दोर धरला हे त्या माडीवरच्या गृहस्थांनी पाहिले की नाही, मला ठाऊक नाही. पुढे कित्येक महिने मात्र मी त्यांच्या तोंडून 'पुरात माणसं मरत होती आणि हे फोटो काढत होते' हेच वाक्य ऐकत आलो.

मंडळी, ते वाक्य अन्यायाचे असले तरी निराधार नव्हते. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलीकडे सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली नाव उलटली, आणि त्या दुर्दैवी जीवांचे मृतदेह ज्या अवस्थेत पाण्याबाहेर आले त्या अवस्थेतली दृश्ये घरोघरच्या मोबाइलवर फिरली. ती दृश्ये कोणी टिपली याचा विचार करण्यास कोणाला सवड नव्हती. ज्याच्या हातात कॅमेरा तो गुन्हेगार, एवढा साधा निवाडा लोकांनी देऊन टाकला. वस्तुतः आता प्रत्येकाच्याच खिशात कॅमेरा आहे, आणि पुराच्या पाण्यात हसतमुख मुद्रेने स्वतःची छबी टिपविणारे तर सत्तेच्या खुर्चीवरही आढळले. परंतु धंद्याचा म्हणून जो कॅमेरा गळ्यात घालून फिरतो, त्याच्या गळ्यात साऱ्यांचे पाप बांधणे सोयीचे असते.

तो पोरगा पुढे माझ्या परिचयाचा झाला. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. लग्नसराईत तो लग्नाच्या ऑर्डरी घेतो, इतर वेळी शहरातल्या एक-दोन दैनिकांना आणि बाहेरच्या वृत्तसंस्थांना छायाचित्रे देतो. छापले तर बिदागी मिळते, न छापले तर पेट्रोलचा खर्च अंगावर. गावकीत बलुतेदाराला पीक आल्यावर पेंढ्या मिळत, मग त्या वर्षी नांगराचा फाळ एकदा शेवटला असो की दहादा. याला तेवढाही आधार नाही. बोलता बोलता त्याने मला एक हकीकत सांगितली, आणि आजचे व्याख्यान खरे म्हणजे त्या हकीकतीतून निघाले आहे. पुराच्या चौथ्या की पाचव्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईंना जवानांनी खांद्यावर घेऊन बोटीत उतरविले. ओले नऊवारी अंगाला चिकटलेले, पदर कोठेतरी गेलेला, आणि अशा स्थितीत त्यांची नजर याच्या कॅमेऱ्यावर पडली. त्या ओरडल्या नाहीत, त्यांनी हातही वर केला नाही. त्यांनी फक्त डोळे मिटले. याने कॅमेरा खाली घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच बोटीचे, त्याच बाईंचे छायाचित्र दुसऱ्या एका पत्रात पहिल्या पानावर आले, आणि ज्या कचेरीला हा छायाचित्रे देत असे तिथून विचारणा झाली की, आपण तेथे होता ना, मग हे आपणांकडे कसे नाही? त्याने खरे कारण सांगितले नाही. 'बॅटरी संपली होती' असे सांगितले. ती थाप अधिक विश्वसनीय ठरली. पण त्यानंतरचे दोन महिने त्या कचेरीकडून त्याला बोलावणे आले नाही.

या हकीकतीत मला जे दिसते ते असे. वृत्तछायाचित्रकाराची नीती आपण त्याने काढलेल्या छायाचित्रांवरून जोखतो, कारण तीच आपल्यासमोर येतात. तिचा मोठा भाग त्याने न काढलेल्या छायाचित्रांत असतो, आणि त्यांची नोंद कोठल्याही दप्तरात होत नाही. नोकरीतल्या माणसाने कॅमेरा खाली घेतला तर संपादक रागावेल, पण महिन्याचा पगार चुकणार नाही. शिलेदाराने कॅमेरा खाली घेतला तर त्या दिवसाची चूल त्याने आपल्या हाताने विझविली असे होते. त्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य आहे खरे. त्या नकाराची किंमत तेवढी त्याची एकट्याची.

पुराचे पाणी ओसरल्यावर मदतीचा पूर आला आणि त्याबरोबर दुसऱ्या प्रकारच्या छायाचित्रांचा हंगाम सुरू झाला. धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांच्या छब्या चिकटविल्याबद्दल त्या वेळी जी ओरड झाली ती आपणांस आठवत असेल. परंतु पाकीट देताना देणारे सात जण एका बाजूला, घेणारी विधवा दुसऱ्या बाजूला, आणि सर्वांनी मिळून त्या पाकिटाला हात लावून कॅमेऱ्याकडे पाहावयाचे, या दृश्याविषयी फारशी ओरड झाली नाही. हे छायाचित्र टिपणाराही पुष्कळदा तोच, पुरात भिजलेला पोरगा असतो. मंडळाने त्याला ठरवून आणलेले असते. 'काकी, जरा इकडं बघा' असे त्याला म्हणावे लागते. त्याला दोष देण्यापूर्वी मला हेही कबूल केले पाहिजे की, अशा एका समारंभात त्या पाकिटाचा एक कोपरा मीही धरला होता आणि कॅमेऱ्याकडे पाहिले होते. छायाचित्र चांगले आले होते. त्या बाईंचे नाव मी विचारले नव्हते.

छायाचित्रकाराने केव्हा थांबावे याचा आपल्या देशातला सर्वांत उद्बोधक पाठ मला महात्माजींच्या सान्निध्यात सापडतो. नारणदास गांधींचे चिरंजीव कनू गांधी हे सेवाग्रामला बापूंच्या कचेरीत काम करीत. त्यांना छायाचित्रणाची आवड लागली तेव्हा घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले आणि त्यांतून रोलीफ्लेक्स कॅमेरा आला. बापूंनी परवानगी दिली ती तीन अटींवर: झगझगाटाचा दिवा वापरावयाचा नाही, आपण त्यासाठी निराळे बसणार नाही, आणि आश्रम या छंदाला पैसा देणार नाही. तिसरी अट वाचली की मला हसू येते, कारण तिने कनूभाईंना आपोआप शिलेदार करून टाकले. पण या तीन अटींनी जे छायाचित्रण घडले ते पाहा. उजेड अपुरा, माणूस चालता-बोलता, आणि तरीही त्या छायाचित्रांत जो जिव्हाळा आहे तो दरबारी छायाचित्रांत नाही. पुढे १९४४ च्या फेब्रुवारीत, २२ तारखेला, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांनी बापूंच्या मांडीवर देह ठेवला. कनूभाई तेथे होते, कॅमेराही होता. बापूंनी त्या अखेरच्या क्षणांचे छायाचित्र घेऊ दिले नाही. स्वतंत्र भारताच्या चित्रसंग्रहात ती एक जागा रिकामी आहे, आणि मला तरी ती रिकामी असल्याबद्दल खंत वाटत नाही.

याच्या उलट प्रसंग चार वर्षांनी घडला. मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार बाई १९४६ साली पुण्यास आल्या होत्या. चरख्यापाशी बसलेल्या बापूंचे छायाचित्र घ्यावयाचे तर आधी सूत कातावयास शिका, असे त्यांना सांगण्यात आले आणि त्या शिकल्याही. जगभर गाजलेले ते छायाचित्र त्या अटीचे फळ आहे. त्याच बाई ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीत बिर्ला भवनात कॅमेरा लपवून शिरल्या आणि बापूंच्या देहापाशी त्यांनी दिवा उडविला. शोकाकुल मंडळी संतापली, बाईंना बाहेर जावे लागले, फिल्म हातची गेली. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार त्याच वास्तूत, त्याच रात्री, लहानशा लायका कॅमेऱ्याने, दिवा न उडविता छायाचित्रे घेत होते, आणि त्यांना कोणी हटकले नाही. दोघांचीही हाव सारखीच होती, हे नमूद करणे मी अगत्याचे समजतो; त्यांपैकी एकाला संत आणि दुसरीला लुटारू ठरविण्याचा माझा इरादा नाही. फरक एवढाच की, एकाला आपण शोकाच्या घरात आहोत याचे भान शेवटपर्यंत राहिले.

त्याच संध्याकाळी आणखी एक बाई बापूंच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या आणि काही कामासाठी मध्येच परत बोलाविल्या गेल्या: होमाई व्यारावाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाईंची सुरुवातीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात. त्या संध्याकाळचे छायाचित्र हुकल्याची रुखरुख त्यांना जन्मभर राहिली. १९७० साली, ऐन अनुभवाच्या काळात, त्यांनी कॅमेरा कायमचा ठेवून दिला. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की आणि मुर्वतीचा लोप आपल्याला सोसवेना, असे त्या सांगत. पुढे २०११ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. आता, धंदा बिघडला म्हणून धंदा सोडावा हा मार्ग थोर असला तरी तो सर्वांना परवडणारा नाही, हेही बाईंविषयी पूर्ण आदर राखून म्हटले पाहिजे.

परदेशातले एक उदाहरण देतो, कारण ते चर्चेत नेहमी निघते आणि नेहमी अर्धेच सांगितले जाते. १९९३ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन कार्टर हा सुदानच्या दुष्काळात गेला आणि भुकेने कोसळलेले एक मूल व त्याच्या मागे बसलेले गिधाड यांचे छायाचित्र त्याने घेतले. ते न्यूयॉर्क टाइम्सने छापले, १९९४ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी जुलैत त्याने आत्मघात केला. ते मूल तू उचलले का नाहीस, असे जगाने त्याला विचारले. त्याने गिधाड हाकलले होते, आणि ते मूल त्या दुष्काळातून वाचले, हे पुष्कळ वर्षांनी उजेडात आले. पण तो मुद्दा मी बाजूला ठेवतो. माझा मुद्दा असा की, ज्यांनी ते छायाचित्र विकत घेतले, ज्यांनी त्याला पारितोषिक दिले आणि ज्यांनी ते न्याहारीच्या टेबलावर पाहून हळहळ व्यक्त केली, त्यांपैकी कोणालाही तो प्रश्न कोणी विचारला नाही. शिवकालात मोहिमेवरून परतलेल्या फौजेची झडती होई आणि लुटीचा हिशेब सरकारी खजिन्यात जमा करावा लागे. आपण शिलेदाराची झडती घेतो. खजिन्याची कोणी घेत नाही.

राहिला नावाचा प्रश्न, आणि तो मला नीतीच्या प्रश्नाहून वेगळा वाटत नाही. १९७२ साली व्हिएतनाममध्ये नापाम बाँबने भाजलेली एक मुलगी रस्त्यावरून धावत येते, हे छायाचित्र न पाहिलेला वाचक विरळा. अर्धशतकाहून अधिक काळ ते निक उट यांच्या नावाने ओळखले गेले. २०२५ साली एका माहितीपटाने दावा केला की, ते नोकरीत नसलेल्या एका स्थानिक छायाचित्रकाराने काढून वीस डॉलरना विकले होते. संबंधित वृत्तसंस्थेने आपला निर्णय बदलला नाही. परंतु वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेने आपल्या नोंदीतले श्रेय स्थगित केले. खरे काय असेल ते असो. असा दावा पन्नास वर्षांनंतरही संभवनीय वाटावा, यातच शिलेदाराची स्थिती काय असते ते दिसते.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत समजतो त्याहून उदार आहे. छायाचित्रकाराने स्वतःहून काढलेले छायाचित्र त्याचे. कोणी मोबदला देऊन काढविले तर, वेगळा करार नसल्यास, ते काढविणाऱ्याचे. म्हणजे पुरात आपल्या जिवावर टिपलेले छायाचित्र त्या पोराच्या मालकीचे आहे आणि मंडळाच्या पाकिटाचे मंडळाच्या. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रावरचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि पश्चात साठ वर्षे चालतो, आणि आपली कृती आपली म्हणून सांगण्याचा विशेष अधिकार तर छायाचित्र विकल्यावरही त्याच्यापाशीच राहतो. परंतु वर्षभराने तेच छायाचित्र 'संग्रहित' एवढ्या एका शब्दाखाली पुन्हा छापले जाते, तेव्हा हा दस्तऐवज दाखवावयास तो कोणाकडे जाणार? पॅरिसच्या आणि न्यूयॉर्कच्या शिलेदारांनी १९४७ साली मॅग्नम ही आपली सहकारी संस्था काढली आणि हक्क स्वतःकडे राखले. सहकाराचे अर्धे तत्त्वज्ञान ज्या जिल्ह्याच्या मातीत रुजले, ज्याने दुधाला आणि उसाला सहकाराने भाव मिळवून दिला, त्या जिल्ह्यातल्या छायाचित्रकारांना हा विचार परका वाटू नये.

संपादक मंडळींपैकी कोणी सभागृहात असतील तर त्यांच्यापाशी दोनच मागण्या करतो. आपत्तीच्या दिवसांत या माणसांना छापलेल्या छायाचित्राची बिदागी देऊ नका, दिवसाचा रोजमुरा द्या. म्हणजे एखाद्या म्हातारीने डोळे मिटले असता कॅमेरा खाली घेणे त्यांना परवडेल. आणि छायाचित्राखाली नाव छापा, म्हणजे वाईट छायाचित्राबद्दल कोणाला जाब विचारावयाचा हेही आम्हाला कळेल.

आणि श्रोतेहो, आपणांस एक विनंती. उद्या सकाळी वर्तमानपत्र हाती आले की पहिल्या पानावरच्या छायाचित्राखाली बारीक टाइपात नाव आहे की नाही ते पाहा. नसेल तर संपादकांना चार ओळींचे पत्र लिहा आणि ते कोणी काढले म्हणून विचारा. पत्र टपालाने पाठवा. दूरध्वनीवर सांगितलेले कचेरीत कोणी टिपून ठेवत नाही.